मजकुराचा गठ्ठा

एकाहत्तरच्या गळीत हंगामात कृपादानला साखर कारखान्याचा अगदी वीट आला. बायको सारा पुण्यात, लेक पाळण्यात, आणि हा कोल्हारजवळ पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडत बसलेला. शेतकऱ्यांना ऊसतोडीची तारीख कळवणाऱ्या चिठ्ठ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर छापून यायच्या, आणि त्या छापणारा कार्डांचा प्रोग्रॅम अख्ख्या कारखान्यात याला एकट्यालाच कळे. चिठ्ठीतला एक शब्द बदलायचा तरी सगळा प्रोग्रॅम उसवावा लागे. पुण्याची नोकरी हाताशी आली होती, पण चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, तुझ्यावाचून काम चालू दे, मग खुशाल जा.

मग गडी इरेला पेटला. त्याने हिशेब एका गठ्ठ्यात ठेवला आणि मजकूर दुसऱ्या गठ्ठ्यात काढला. मजकुरात नाव, गाव, तारीख यांच्या जागा मोकळ्या. त्या यंत्राने भराव्यात. आता शब्द कितीही बदला, हिशेबाला धक्का नाही. कारकून रंगनाथला त्याने हे दुपारभरात शिकवलं. आप्पासाहेब खूश झाले, सुटकेचा कागदही टाइप झाला. येतोय म्हणून त्याने साराला कळवूनही टाकलं. इतका उतावळेपणा बरा नव्हे, पण नव्याने बाप झालेल्याला कोण सांगणार?

पुढच्या खेपेच्या चिठ्ठ्या गावोगाव गेल्या, तर खाली संचालकांच्या नावांत आप्पासाहेबांचे विरोधक श्रीमंतराव सगळ्यात वर आणि आप्पासाहेब त्यांच्याखाली. रंगनाथ श्रीमंतरावांचा मेव्हणा. त्याने फक्त दोन कार्डं वरखाली केली होती. पूर्वी हे कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यात कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली.

आप्पासाहेबांनी कृपादानला बोलावलं. मजकुराचा गठ्ठा त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. आवाज मात्र चढवला नाही.

"ही किल्ली आता कुनाकडं द्यायची? हितं जो तो कुनाचा तरी पाव्हना हाय. तू कुनाच्या भावकीत न्हाईस, सोयऱ्यात न्हाईस. तूच सांबाळ."

"पण आप्पासाहेब, कामाला आता माझी गरज नाही."

"कामाला न्हाई. किल्लीला हाय."

सुटकेचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

इतक्या वर्षांत गावच्या एकाही लग्नात त्याला कुणी आपला म्हणून पंगतीत ओढलं नव्हतं. त्याची त्याला खंत होती. आज तेच परकेपण त्याला इथं बांधून ठेवत होतं, आणि त्याला रडू फुटलं.

खोलीवर येऊन तो साराला लिहायला बसला. खुशाली लिहिली, लेकीला पापा लिहिला. मग लिहिलं, 'मी तारीख', पुढे बोटभर जागा कोरी सोडली, आणि लिहिलं, 'रोजी नक्की येतो.'