दुसरी बॅटरी

जापारची उभी हयात बिश्केकच्या वीजखात्यात गेली. हिशेब पक्का झाल्याखेरीज तारेला हात लावायचा नाही, ही त्याची सवय. बायको बुरुलची फुप्फुसं थकली होती. झोपताना नाकाला ऑक्सिजनच्या यंत्राची नळी लागायची. तिला एकच ओढ होती. इसिक-कुल सरोवराच्या काठी, आपल्या तोसोर गावाजवळ, पाण्यालगत एकदा झोपून उठायचं. माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं. म्हणून जापारने जुन्या व्हॅनमध्ये पलंग बसवला आणि यंत्रासाठी टपावर सौरवीज जोडली.

यंत्र शंभर वॉटचं, रात्र दहा तासांची; म्हणजे एक युनिट. तीनशे वॉटचं पॅनेल पाच तासांच्या उन्हात तेवढी वीज सहज देणार होतं, आणि एक बॅटरी ती रात्रभर पुरवणार होती. पण आभाळ भरून आलं तर? त्याने दुसरी बॅटरी मागवली. ती यायला तीन आठवडे लागणार होते.

बुरुल म्हणाली, "म्हाताऱ्या, मला एकच रात्र हवीय. मी काय तिथे संसार थाटणार आहे?"

"आणि मध्येच यंत्र बंद पडलं तर?"

"तर मला उठव. बसून राहीन पाणी बघत."

जापार हसला, पण त्याने ऐकलं नाही. बाहेर रोज लख्ख ऊन पडत होतं. आठवडाभर ती बॅटरीची चौकशी करायची, मग विचारेनाशी झाली. सतराव्या दिवशी तिला ताप भरला. इस्पितळात नेलं, आणि तीन दिवसांत ती गेली.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी दारात आली. जापारने खोकं फोडलं नाही.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालून तो एकटाच तोसोरला गेला. पहिल्या दिवशी नेमकं ढगाळ होतं. झोपताना त्याने यंत्र सुरू केलं आणि नळी रिकाम्या उशीवर ठेवली. सकाळी जाग आली तेव्हा यंत्र घुरघुरतच होतं. बॅटरीत अजून पाचवा हिस्सा शिल्लक होता. त्याने आकडा दोनदा पाहिला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. झोप लागली का, थंडी होती का, सगळं तिने विचारलं.

"एक पुरली असती गं," जापार म्हणाला.

मुलीला काही उमगलं नाही. काय पुरली असती, म्हणून ती विचारत राहिली. फोन कानाशी धरून तो व्हॅनच्या दारात पाणी बघत बसून राहिला.