सोळा आकड्यांत मावलेली इब्तिहाल

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला माया यावी, असे माझ्यात काही नाही. ना रंग, ना रूप. मी सोळा आकड्यांचा एक क्रमांक आहे. संशोधकांची ओळख म्हणून इंटरनेटवर असे क्रमांक मिळतात, आणि प्रत्येक क्रमांकाला लेखांच्या यादीचे एक पान. मी मिळालो इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या डॉक्टर इब्तिहालला. ती नाईलमधल्या माशांच्या रोगांवर काम करते.

नऊ वर्षांपूर्वी एक नियतकालिक क्रमांकाशिवाय तिचा लेख घेईना, म्हणून तिने मला अर्ध्या मिनिटात जन्माला घातले आणि साफ विसरली. इतर क्रमांकांची पाने लेखांनी भरत होती, माझे मात्र कोरे. फार वाईट वाटायचे हो!

मग तिच्या प्राध्यापकपदाची वेळ आली. समितीने शोधले, तर बावीसपैकी आठच लेख तिचे दिसले. उरलेले चौदा कुणा डॉक्टर मुतवल्लीचे! गुरुवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर पाच वर्षे थांबा, असे समितीने कळवले. ती धावत ग्रंथपाल मदाम इन्साफकडे गेली.

"दोक्तोरा, ही मुतवल्ली कोण गं?"

"मीच, मदाम! आधी आजोबांचं नाव शेवटी लावायचे. बाबा गेले, तेव्हापासून बाबांचं नाव शौकी, तेवढंच लावते."

"वा! बापाने नि आजाने मिळून तुझे दोन तुकडे केले की! आता एकच नाव ठेव."

"आणि दुसऱ्याला काय सांगू? माझ्या नावातून उठा म्हणून?" इब्तिहालचे डोळे भरून आले.

"रडू नकोस. संशोधकाचा क्रमांक काढला होतास ना कधी? त्याच्या पानावर दोन्ही नावं चालतात."

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पासवर्ड आठवण्यातच तासभर गेला. मग चहाचे पेले रिकामे करत दोघी एकेक लेख माझ्या पानात घालू लागल्या. मध्येच उंटांवरचा एक लेख आला.

"हात काढ! ती दुसरीच इब्तिहाल आहे," मदाम ओरडल्या.

बुधवारी माझ्या पानावर बावीस लेख होते आणि वर तिची दोन्ही नावे. समितीने मान्य केले. तिने लगेच आईला फोन लावला.

"मग प्राध्यापक कोण झालं?" आईने विचारले. "शौकीची मुलगी, की मुतवल्लीची नात?"

"दोघीही, आई!"

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही काही शोधाल, लिहाल. तेव्हा माझ्यासारख्याला जन्म देऊन वाऱ्यावर सोडू नका. नवा लेख आला की लगेच आमच्या पानात घाला. तुमचे कष्ट तुमचेच राहतील, आणि घरच्या कुणालाही तुमच्या नावातून उठावे लागणार नाही.