उजवा कान

भंडाऱ्याच्या त्या कानाच्या दवाखान्यात कौशल्याबाईंना बाकावर बसवेना. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत त्यांची मुलगी रुचिता हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच तिचं काम.

"कायले येरझारा घालून राहिली? बस ना," त्यांचे यजमान टिकाराम म्हणाले. मागावर अर्धवट विणलेलं कोशाचं रेशमी कापड तसंच सोडून ते आंधळगावहून आले होते, तरी ते शांत होते.

"बसवत नाही मले."

रुचिता लहान असताना अशाच एका काचेबाहेर उभं राहून कौशल्याबाई पुटपुटत होत्या, ऐकू दे, देवा. पुढे त्या सगळ्यांना सांगत राहिल्या, पोरीले थोडं येते ऐकू. ती बोलायला लागेल या आशेवर त्यांनी हातांची भाषाही धड शिकून घेतली नाही. आज मात्र मागणं उलटं होतं. कर्णबधिर मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात रुचिताची निवड झाली होती. मलेशियात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. पण त्यातल्या त्यात बऱ्या कानालाही यंत्राशिवाय फारसं ऐकू येत नाही, हे तपासणीत दिसल्याशिवाय खेळता येणार नव्हतं.

रुचिताचा अंगठा हलला. पुन्हा हलला. प्रत्येक दाबणं कौशल्याबाई बोटांवर मोजू लागल्या.

तपासणाऱ्या भावना मॅडम बाहेर आल्या. "डाव्या कानाची चिंता नाही. उजवा अगदी काठावर आहे. ती दमलीय, थोड्या वेळानं पुन्हा घेऊ."

रुचिता पाणी प्यायला बाहेर आली, तशी कौशल्याबाईंनी तिला जिन्याखाली ओढलं. ओठ मोठे करून म्हणाल्या, "हळू आवाज आला तं दाबू नोको. समजलं?"

रुचितानं ओठ वाचले. तिचा चेहरा लाल झाला. तिचे हात भराभर चालू लागले, पण आईला त्यातलं काहीच कळेना. शेवटी तिनं मोबाईलवर लिहून समोर धरलं : 'मग एखाद्या बहिऱ्या पोरीची जागा मी चोरली असं होईल. मी नाही करणार.'

आणि ती तरातरा आत गेली.

पुन्हा अंगठा हलू लागला. आता काय मागावं हेच कौशल्याबाईंना समजेना. काचेला कपाळ टेकवून त्या नुसत्या बघत राहिल्या.

"नियमात बसते," भावना मॅडम येऊन म्हणाल्या. "थोडक्यात, पण बसते."

कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. हसू फुटत होतं आणि डोळेही भरत होते. "पोरीले ऐकू येत नाही म्हणून पेढे वाटू का आता?"

"फुटबॉलचे वाट ना," टिकाराम म्हणाले.

मलेशियातला पहिला सामना त्यांनी घरी मोबाईलवर पाहिला. मैदानावर पंच शिट्टीऐवजी झेंडा हलवत होता, इकडे चित्र सारखं अडकत होतं आणि कौशल्याबाई दार ते माग, माग ते दार करत होत्या. भारत एका गोलनं हरला.

थोड्या वेळानं रुचिताचा व्हिडिओ कॉल आला. घामाघूम, चिडलेली. आल्याआल्याच तिचे हात भराभर बोलू लागले. टिकारामांना ती भाषा यायची, म्हणून असे फोन नेहमी त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी हात पुढे केला. कौशल्याबाईंनी फोन दिला नाही. चाचपडत, चुकतमाकत त्यांनी खूण केली : सावकाश. पुन्हा सांग.

रुचितानं कपाळावरचा घाम पुसला. मग तिनं सामना पहिल्यापासून सांगायला घेतला.