सुटलेला धाकटा

खडूला गुंडाळलेला कागद आता कापडासारखा मऊ पडला होता. तो ताईनं गुंडाळलेला, कारण खडूनं ताईची बोटं फुटायची. ताई ही खोली सोडून गेल्यावरही, रोजच्यासारखा तिनं तो तुकडा फळ्याच्या कडेवरून उचलला, बोटांत जरा धरला, परत ठेवला आणि मगच ती कामाला बसली. तेवढा तिचा नेम होता. त्या तुकड्यानं तिनं स्वतः फळ्यावर लिहिलं मात्र कधी नव्हतं.

ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. एकाच सरांकडे दोघी शिकल्या, ताई आधी, ती मागून. आणि पुढं याच खोलीत, याच फळ्यासमोर दोघींनी वर्षानुवर्षं एकच काम केलं. आता ताई दूरच्या विद्यापीठात मोठ्या खुर्चीवर होती. गणित हातून सुटलं होतं तिच्या. बैठका, दौरे, सह्या... बिचारी, असं ती मनात म्हणायची. बिचारीला वेळच कुठं मिळतो, मिळाला तर येईल परत.

टेबलावर दोघींच्या शेवटच्या शोधनिबंधाची मुद्रितं होती. आज तपासून परत पाठवायची. ती गेली की दोघींचं मिळून असं काहीच... हे वाक्य ती पुरं करत नसे.

मधल्या एका पानावर पेन्सिल थांबली.

गणितात काही ग्रुप, म्हणजे नियमांनी बांधलेले संच, असे असतात, की डावीकडून घेतलेलं माप आणि उजवीकडून घेतलेलं माप जुळत नाही. दोन्ही खरीच, पण इकडून तिकडं जाताना मधला एक गुणक बरोबर न्यावा लागतो. त्याला ताई धाकटा म्हणायची. "बाहेर पडलीस की धाकट्याचा हात धरायचा बाई, नाहीतर घरी गेल्यावर आई विचारणारच." मग इंटिग्रलमध्ये बाजू बदलली रे बदलली, की एक दुसरीला विचारायची, "धाकट्याला घेतलंस का?" – सरांसमोर, जिन्यात, एकदा तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना, आणि शेजारचे आजोबा काळजीनं खुर्चीखाली बघायला लागले होते.

इथं धाकटा सुटला होता. फलनाचं रूप बदलणाऱ्या ऑपरेटरनं त्याची लांबी बदलायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुढचा सगळा निबंध उभा, आणि गुणकाशिवाय लांबी तर बदलत होती. पण दुरुस्ती तिला लगेच दिसली. समासात दोन ओळी लिहून झाल्या, निबंध जागच्या जागी उभा राहिला. आणि मग, पेन्सिल खाली ठेवताना, छातीत काहीतरी हलकं, लबाड असं हललं – फोन करायला कारण मिळालं होतं.

तिनं दोन्ही ओळी खोडून टाकल्या.

"बाई, डबा तसाच?" शिपाईकाका दारातून म्हणाले. "का नुसत्या आकड्यांवरच भागतं तुमचं?"

"खाते काका." तिच्या कामात आकडे जवळजवळ नसतातच, हे त्यांना आजवर कधी सांगितलं नव्हतं; आजही नाही.

पान ताईनं लिहिलेलं होतं. हे आत्ता लक्षात आलं. त्या दुपारी खिडकीशी उभी राहून ताई म्हणाली होती, "हे मी लिहिते, तू पुढचं बघ," आणि तिला किती बरं वाटलं होतं, किती दिवसांनी ताईनं आपणहून... नव्या जागेचं तर ताईनं नंतर सांगितलं. पण ठरलेलं तेव्हाच असणार. धाकट्याचा हात ताईनं कधी सोडला नव्हता. त्या दुपारी सुटला, म्हणजे त्या दुपारी ताई या खोलीत नव्हतीच. आणि मी? मी समोर बसले होते, खुशीत, पुढचं बघत.

तिनं फोन लावला.

"बोल गं," ताई म्हणाली. मागं बरीच माणसं बोलत होती.

"ताई, मुद्रितं बघतेय. बाजू बदललीय तिथं धाकटा सुटलाय. लांबी टिकत नाही. काय करावं, सुचेना."

मागचे आवाज कमी झाले. ताई बाहेर आली असावी. मग ती शांतता आली... हीच, फळ्यासमोर विचार करतानाची, जिच्यासाठी ती इतकी वर्षं... आणि ती फार टिकली नाही.

"ऑपरेटरच्या व्याख्येतच घाल की त्याला. लांबीचा वर्ग मोजतेस ना? मग त्याचं वर्गमूळ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"हो," ती म्हणाली.

"हे तुला येत होतं." ताईनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आवाजात राग नव्हता.

"हो."

"खोकला गेला का तुझा?"

"गेला केव्हाच."

"बरं. आत थांबलेत सगळे." तरी फोन लगेच ठेवला गेला नाही, ताईचा श्वास ऐकू येत राहिला, आणि काही विचारावं म्हणून ती शब्द जुळवत असताना फोन बंद झाला.

खोडलेल्या ओळींवर तिनं त्याच ओळी परत लिहिल्या. अक्षर चांगलं आलं. बाहेर तासाची मुलं जिना उतरत होती. ताई काही विसरली नव्हती – कणभरही नाही. तिच्या हाताशी सगळं होतं, हात पुढं केला की लागावं असं, आणि ती ते तिथंच ठेवून रोज दुसऱ्या खोलीत जाऊन बसत होती, आपल्या मर्जीनं. बिचारी नव्हती ताई. इतके दिवस त्या एका शब्दाला धरून वाट बघता येत होती... तो मनातल्या मनात म्हणून बघितला, तर तो आता कुणालाच लागू पडेना. ओढ मात्र होती तिथंच होती. फक्त आता ती ओढ ताई परत येण्याबद्दलची नव्हती, आणि मग कशाबद्दलची, हे तिला सांगता आलं नसतं.