अक्षता मॅडमच्या पिशवीतली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी जेमतेम अर्ध्या वहीएवढी. रंगाने काळी, आणि एका कोपऱ्याला पोचा आलेली. मला पाहून कुणालाही वाटेल, ही कसली तरी निकामी डबी पडली आहे. पण मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि एके काळी एका कॉलेजचा अख्खा समाजशास्त्र विभाग माझ्या पोटात राहत होता.

माझा जन्म दूरदेशीच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं काही आठवत नाही. माझ्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी बसवली आणि तिच्यावर एक नाजूक सुई. तबकडी गरगर फिरते, सुई तिच्यावर लिहिते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. हेच माझं काळीज. मग मला खोक्यात घातलं, आणि मी जहाजातून, ट्रकमधून हिंदकळत सोलापूरला येऊन पोचले.

अक्षता मॅडमनी मला घरी आणलं तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. भवानी पेठेत त्यांचं घर, खाली वडिलांचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान. घरात कानडी चालायची, दुकानात मराठी. रोज सकाळी मॅडम एसटीने मंद्रूपच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायला जायच्या. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि रुमालात गुंडाळलेली मी.

त्या कॉलेजच्या ग्रंथालयात समाजशास्त्राची पुस्तकं थोडी, तीही बहुतेक इंग्रजीत. एका पुस्तकामागे तीस विद्यार्थी. वर्गातली मुलं हुशार होती, पण पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे उतरायचे. मॅडमना ते बघवेना. मग त्यांनी इंटरनेटवरून वेचायला सुरुवात केली. कुठल्या विद्यापीठाने मोफत ठेवलेली व्याख्यानं, कुठले मराठीतले धडे, जनगणनेचे तक्ते, जुने नकाशे, गावोगावची छायाचित्रं. ज्याच्यावर 'कुणीही वापरा, कुणालाही द्या' अशी परवानगी लिहिलेली असेल, तेवढंच त्या घ्यायच्या. इंग्रजी धडा असेल तर सुट्टीच्या दिवशी बसून त्याचा सोप्या मराठीत सारांश करायच्या. सगळं माझ्या पोटात यायचं. एके दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'घ्या आणि वाटा'.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस! गावात नेटवर्क कधी असायचं, कधी नसायचं. म्हणून मधल्या सुट्टीत मुलं-मुली विभागात रांग लावायची. कुणी पेन ड्राइव्ह आणायचं, कुणी मोबाइलचं कार्ड. मायाक्का नावाची एक मुलगी होती. ऊसतोडीच्या हंगामात ती आईवडिलांबरोबर श्रीपूरला साखर कारखान्याकडे जायची, चार-पाच महिने कॉलेजला दिसायची नाही. ती जाताना अख्ख्या पेपरचे धडे कार्डात भरून न्यायची. त्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली. पेढा घेऊन आली तेव्हा तिने मॅडमना एक दिला आणि हसत हसत एक माझ्यापुढे ठेवला. मला पेढा खाता येत नाही, पण तो मान मी विसरले नाही.

एकदा वर्गात मॅडम मेंढपाळांच्या जीवनावरचा धडा दाखवत होत्या. धडा संपला आणि मागच्या बाकावरची प्रियंका उठून उभी राहिली. ती धनगराच्या घरातली. शिक्षणासाठी मंद्रूपला मामाकडे राहायची. आज्जा-आज्जी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे.

"मॅडम, ह्यात बायकांचं कायच न्हाय की," ती म्हणाली. "खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, त्येचं बोलणं माझी आज्जी करती. आजारी कोकरं तीच बघती. ह्यात नुस्तं 'पुरुष कळप राखतात' असं हाय."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मग हा धडा आपणच पुरा करू. तुझ्या आज्जी बोलतील?"

"लई बोलतील. थांबणार न्हाईत."

पुढच्या रविवारी मॅडम मला पिशवीत घेऊन प्रियंकाबरोबर सीना नदीच्या काठी गेल्या. एका शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात मेंढरं जाळीच्या कुंपणात बसली होती. तिथे मी प्रियंकाच्या आज्जीला, अंबूबाईंना, पहिल्यांदा पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज असा की पल्याडच्या बांधावर ऐकू जावा. मॅडमनी मोबाइल समोर धरला आणि अंबूबाई बोलू लागल्या. कुठल्या वाटेने कळप जातो, कुठल्या गावात पाणी मिळतं, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी कशी ठरते. त्यांचे यजमान बिरप्पा मागे घोंगडीवर गप्प बसले होते. हा माणूस वर्षाला दहा वाक्यं बोलत असेल, असं प्रियंका म्हणायची.

अंबूबाई एका जुन्या वर्षाचं सांगू लागल्या. कळपात रोग शिरला होता. मेंढ्या पटापट पडत होत्या, कोकरं पोरकी होत होती. त्यांनी निरोगी कोकरं वेगळ्या रानात नेली आणि शेळीचं दूध पाजून एकेक जगवलं. "मग काय, जगली कशी तरी," असं म्हणून त्या पुढे जाणार, इतक्यात मागून बिरप्पांचा घोगरा आवाज आला.

"कशी तरी न्हवं. हिच्या हातानं कळप जगला. म्या नुस्ता काठी घिऊन म्होरं चाललो."

अंबूबाई पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघू लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "बाई, ह्ये कुणी मागितलं तर द्याल न्हवं? पैसं-बियसं नगा घिऊ कुणाकडनं."

"जो मागेल त्याला देऊ, आज्जी," मॅडमनी शब्द दिला.

ते चित्रण माझ्या पोटात आलं. मॅडमचा मोबाइल भरला होता, म्हणून त्यांनी तिथलं पुसून टाकलं. आता ते जगात फक्त माझ्याकडे होतं. सगळ्यांसाठी ते लगेच इंटरनेटवर ठेवायचं, असं ठरलं होतं. पण मॅडमचा स्वभाव नीटनेटका. मध्येच कुत्रं भुंकतं, मेंढरं ओरडतात, वाऱ्याचा घोंघाट होतो. ते सगळं काढून, खाली बोलण्याची अक्षरं टाकून, चांगलं सजवून मगच द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. आज करू, उद्या करू. परीक्षा आल्या, तपासणीचे पेपर आले. आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत बिरप्पा वारले. साध्या तापाचं निमित्त झालं.

महिन्याभराने प्रियंका विभागात आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, आज्जी इचारत हुती, त्या दिवशीचं हाय का तुमच्याकडं? आज्जाचा आवाज येकदा ऐकायचाय म्हणती. घरात त्येंचा फोटू हाय, आवाज कुटंच न्हाय."

मॅडमचे डोळे भरून आले. "आहे ना गं. या रविवारी मी स्वतः घेऊन येते."

हे झालं सोमवारी. गुरुवारी मला संगणकाला जोडून मॅडम त्याच कामाला बसल्या होत्या. कुणीतरी बाहेरून हाक मारली. त्या घाईने उठल्या आणि ओढणी माझ्या वायरीत अडकली. मी टेबलावरून खाली फरशीवर आदळले, तबकडी फिरत असताना.

मित्रांनो, त्या क्षणाचं काय सांगू! माझ्या काळजावर सुई घासत गेली. मॅडमनी मला उचललं, परत जोडलं. माझ्यातून फक्त टक्, टक्, टक् एवढाच आवाज येत होता. सोलापुरात संगणक दुरुस्त करणाऱ्या बिभीषणकडे त्या संध्याकाळीच गेल्या. त्याने मला कानाशी धरलं आणि मान हलवली. "मॅडम, तबकडी ओरखडली. तरी पुण्याला धाडून बघतो." रविवार आला आणि गेला. मी पुण्याला गेले, तीन आठवड्यांनी तशीच परत आले. सोबत चिठ्ठी होती: काही निघालं नाही.

परीक्षा तोंडावर होती. मॅडमनी वर्गात खरं काय ते सांगितलं. "पाच वर्षांचं सगळं गेलं. चूक माझी आहे. दुसरीकडे ठेवायला हवं होतं."

मग नंदीश नावाचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, सगळं कसं गेलं? पयला पेपर माझ्या मोबाइलात हाय की."

"नकाशे माझ्याकडं हायत," दुसरं कुणीतरी म्हणालं.

दोन दिवसांत टेबलावर कार्डांची आणि पेन ड्राइव्हची रास जमली. मायाक्का तर श्रीपूरहून एसटीने आली. तिने रुमालाच्या गाठीतून कार्ड सोडलं. त्यात तीन वर्षांचे धडे जसेच्या तसे, ओळीने लावलेले. मी पिशवीत पडल्या पडल्या ऐकत होते. जे मी दिलं होतं, ते सगळं परत आलं. परत आलं नाही ते फक्त, जे मी कुणाला दिलंच नव्हतं.

मग मॅडम सीनेकाठी गेल्या. प्रियंका म्हणाली होती, "मी सांगती आज्जीला, तुमी नगा येऊ." पण मॅडम म्हणाल्या, "शब्द मी दिला होता." त्यांनी मला बरोबर घेतलं.

अंबूबाई जाळी बांधत होत्या. कपाळ मोकळं होतं. मॅडमना पाहताच त्यांनी हात झटकले आणि लगबगीने घोंगडी अंथरली.

"बसा, बसा. आणलंसा?"

मॅडमनी मला रुमालातून काढून पुढे धरलं. "आज्जी, ह्यातच होतं. माझ्या हातून पडलं. आता ऐकू येत नाही. मी लगेच द्यायला हवं होतं; सजवत बसले."

अंबूबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं. त्यांचे हात खडबडीत होते आणि ऊबदार. त्यांनी मला कानाशी धरलं. मित्रांनो, त्या वेळी मला जेवढं बोलावंसं वाटलं, तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तो घोगरा आवाज माझ्या आतच कुठेतरी होता, ओरखड्याखाली. पण मी मुकी होते.

अंबूबाईंनी मला मांडीवर ठेवलं. मग त्या मॅडमच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. सांत्वनाला आलेल्या बाईचंच सांत्वन त्या करत होत्या.

"रडू नगा. तुमी का मुद्दाम पाडलं? काड ग प्रियंका तुजा मोबाइल. परत सांगती."

या वेळी प्रश्न प्रियंका विचारत होती. आज्जीच्या भाषेत, आज्जीला ठाऊक असलेलं. त्यामुळे पहिल्यांदा न निघालेल्या कितीतरी गोष्टी निघाल्या. तळावरचं बाळंतपण, पाण्यासाठीची भांडणं, सासूने शिकवलेली झाडपाल्याची औषधं. शेवटी रोगाच्या वर्षाची गोष्ट आली. शेळीचं दूध, पोरकी कोकरं. "मग काय, जगली..." असं म्हणून त्या थांबल्या. मागच्या घोंगडीकडे त्यांनी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

मग त्या ताठ बसल्या आणि मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "ह्ये म्हाताऱ्याचं बोलणं हाय, माजं न्हवं. ते म्हणलं, हिच्या हातानं कळप जगला. म्या नुस्ता काठी घिऊन म्होरं चाललो. असं म्हणलं. ह्ये बी त्यात ऱ्हाऊ द्या."

एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

पुढचं मी नंतर प्रियंकाच्या तोंडून ऐकलं. मॅडमनी काही कापलं नाही, काही सजवलं नाही. मंद्रूपच्या फाट्यावर नेटवर्क लागताच, एसटीची वाट बघत उभ्या असतानाच, त्यांनी प्रियंकाच्या मोबाइलवरून ते चित्रण 'कुणीही वापरा' अशी परवानगी लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. कुत्र्याच्या भुंकण्यासकट. पुढे कर्नाटकातल्या एका कॉलेजने त्याखाली कानडी भाषांतराच्या ओळी टाकल्या, आणि विदर्भातल्या एका वर्गातून प्रियंकाला प्रश्नांची यादी आली. ती उत्तरं आज्जीला विचारून पाठवते. पुढे समाजशास्त्रच शिकायचं, असं तिने ठरवलं आहे.

आणि मी? त्या दिवशी निघताना मॅडमनी मला परत घेण्यासाठी हात पुढे केला. अंबूबाईंनी मला दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या माज्याजवळ."

"पण आज्जी, ती आता वाजणार नाही."

"वाजत न्हाय व्हय. पर त्यात म्हातारं हाय की."

आता मी अंबूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत असते, बिरप्पांच्या पटक्यात गुंडाळलेली. कळप चालतो तशी मीही रान बदलत चालते. लहान-मोठ्या मित्रांनो, तुमच्याजवळ कुणाचा आवाज असेल, कुणाचं शिकवणं असेल, तर ते एकाच ठिकाणी जपून ठेवू नका. ते सुंदर होण्याची वाट पाहू नका. आजच दुसऱ्याच्या हाती द्या. कधीकधी संध्याकाळी अंबूबाई पेटी उघडतात, मला कानाशी धरतात आणि थोडा वेळ तशाच बसून राहतात. त्यांना काय ऐकू येतं, ते मला ठाऊक नाही. पण मला मात्र त्यांचा श्वास अगदी स्पष्ट ऐकू येतो.