थर्मासातलं यान

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर बाटल्या भरायच्या यंत्रांचे नकाशे, आणि रविवारी माझं स्वतःचं काम: मंगळाच्याही पलीकडं जाणारं यान. अणुभट्टीनं वाफ करायची, वाफेनं वीज, आणि त्या विजेच्या जोरावर भारित कण मागं फेकत यान महिनोन्‌महिने पुढं रेटायचं. बायको कौशल्या म्हणायची, "घरातली चूल धड पेटत नाही आणि हे निघाले मंगळाला."

अठ्ठावन्न साली मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या साहेबांनी अर्धा तास द्यायचं कबूल केलं. सोमवारी. नकाशा पटला तर तिथं नोकरी, नाही तर जन्मभर बाटल्या.

शनिवारी मी तो बॉयलरवाल्या बरकतभाईंना दाखवला. शाबासकीसाठीच, खोटं कशाला बोलू? कासारवाडीचा माणूस, चौथी शिकलेला, वीस वर्षं वाफेत काढलेली. त्यांनी विचारलं, "वाफ परत थंड कशानं करणार, ज्योतीभाऊ? आपल्याकडं पवनेचं पाणी हाय."

"वर काय, थंडीच थंडी आहे."

त्यांनी आपला थर्मास उचलला. "ह्याच्या दोन काचांमधली हवा काढलेली असती. म्हणून तर च्या गरम ऱ्हातो. वर बी हवा न्हाई म्हणता. मग यान तुमचं थर्मासच की. आतली आच जाणार कुठं?"

चार फिटर ऐकत उभे होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बरकतभाई, तुम्ही कोळसा टाका. ह्यात तुम्हाला काय कळतंय?"

ते भट्टीकडं वळले.

रविवारी सकाळी गणित मांडलं आणि पायाखालची जमीन सरकली. माणूस खरं बोलला होता. माझं यान स्वतःच्याच उष्णतेनं वितळलं असतं. तापलेल्या पत्र्यांवरून किरणांनी जाईल तेवढीच उष्णता बाहेर, दुसरी वाट नाही. संध्याकाळपर्यंत मी दोन्ही बाजूंना पातळ पत्र्यांचे पंख काढले. एकेक पंख कारखान्याच्या आवाराएवढा झाला. माझ्या देखण्या यानाचं पार बुजगावणं झालं.

मुंबईत साहेबांनी अणुभट्टीवरून नुसती नजर फिरवली. "हे परदेशी मासिकांत आलंय," म्हणाले. मग त्यांचं बोट पंखांवर थांबलं. "हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. कुणाला सुचलं?"

आमच्या बॉयलरवाल्याला, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण जीभ रेटेना. "मलाच," म्हणालो. नोकरी मिळाली.

मंगळवारी बरकतभाई माझी वाटच बघत होते. राग नाही, रुसवा नाही. थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढं केला. "नोकरी झाली म्हणं. लई बेस झालं. आन् आच बाहेर जायची सोय केली का? साहेब काय म्हनले?"

"केली. पण साहेबांनी तिकडं बघितलंच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

"जाऊ द्या भाऊ. मोठ्या मानसांच्या नजरेतनं बी एखादी गोष्ट सुटती. तुमी वाईट वाटून घेऊ नका. तिथं रुजू झालात की निवांत दाखवा त्यांना. म्हणावं, आमच्या बरकतनं इचारलं व्हतं."

"दाखवतो," मी म्हणालो.