अकोल्याच्या भंगारातून उचललेला गिअरबॉक्स

मी एक जुना, कर्कश आवाजाचा गिअरबॉक्स आहे. अंग ओतीव लोखंडाचं, वजन दोन माणसांना मिळून उचलावं लागेल इतकं. मित्रांनो, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवताना तिचा सगळा मार मी खातो. चढावर मी गाडीला जोर देतो आणि उतारावर तिला आवरून धरतो. मी तुटलो तर मग माणसाचं काही खरं नसतं.

माझा जन्म लढाईसाठी झाला. मला भट्टीत वितळवलं, साच्यात ओतलं, माझ्या चाकांचे दात पोलादी पात्यांनी कापून काढले. एका लष्करी ट्रकमध्ये मी चिखल, खड्डे आणि घाबरलेल्या ड्रायव्हरांचे हिसके सोसले. लढाई संपली आणि ट्रक मोडीत निघाला. मी अकोल्याच्या भंगार बाजारात येऊन पडलो. तिथे पंधरा पावसाळे मी गंजत काढले. येणारा-जाणारा माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधी.

१९६१ साली तिथे दोन माणसं आली. एक शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे बागायतदार उत्तमराव. दुसरा त्यांच्या गाडीचा मिस्तरी धर्मपाल. उत्तमरावांनी आपल्या लांबलचक विलायती मोटारीत लष्करी ट्रकचं दणकट इंजिन बसवून घेतलं होतं. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत बागायतदारांच्या गाड्यांची दरवर्षी शर्यत लागे, आणि तिच्यात पहिलं येण्याच्या ध्यासाने हा गृहस्थ पेटला होता. पण त्या इंजिनाच्या ताकदीपुढे नाजूक गिअरबॉक्स टिकेनात. अशा दोन गिअरबॉक्सचे दात एका वर्षात चुरा होऊन पडले होते.

धर्मपालने माझं झाकण उघडलं. कंदील जवळ धरून त्याने माझा एकेक दात बोटाने चाचपला. इतक्या वर्षांत मला कोणी असा हात लावला नव्हता. मला भरून आलं, हे कबूल करायला मी लाजत नाही.

"मालक, हाच घ्या," तो म्हणाला.

भंगार विकणाऱ्या दलालाने मात्र दुसरा एक रंगवलेला गिअरबॉक्स पुढे केला. चौकटीवर ठेवलेल्या इंजिनाला त्याने आम्हा दोघांना आळीपाळीने जोडून दाखवलं. मी असा किंचाळलो की रस्त्यावरचे बैल बुजले. तो दुसरा मात्र हूं की चूं करीना. उत्तमराव खूश झाले.

"हा गधडा तर बोंबलून रायला," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "थो पाय कसा गुमान चालते."

"गुमान चालते म्हनूनच भेव वाटते, मालक. त्याचं झाकन उघडून पायतो. दात पायल्याबिगर कावून घेता?"

दलाल तोंड पाडून म्हणाला, "माझ्यावर भरवसा नसेल तर सौदा राहू द्या." उत्तमरावांना तो अपमान वाटला. त्यांनी भर बाजारात धर्मपालच्या कानशिलात भडकावली. "मालक मी का तू?"

धर्मपालने ओठावरचं रक्त बाहीने पुसलं. तरी तो म्हणाला, "मंग ह्यालेबी संगं घ्या. लागंल."

उत्तमराव हसले. मागची चाकं जमिनीला चिकटून राहावीत म्हणून गाडीत वजन हवंच होतं. मागची बैठक काढून मला तिथे ठेवलं. दोर धर्मपालनेच बांधला. मला निवडणाऱ्याने मला निदान भंगारातून बाहेर काढलं, एवढ्यावर मी समाधान मानलं.

रंगवलेला गिअरबॉक्स मालकांनी झाकण उघडू न देताच बसवून घेतला. आठ दिवसांनी, धर्मपालला शेजारी बसवून, त्यांनी घाटात गाडीची परीक्षा घेतली. चढताना सगळं सुरळीत होतं. चिखलदऱ्याहून उतरताना उत्तमरावांनी दुसरा गिअर टाकला आणि समोरून, गाडीच्या तळाखालून, तोफ डागल्यासारखा आवाज आला. तो रंगवलेला गिअरबॉक्स फुटला होता. गाडी मोकाट सुटली. ब्रेकमधून धूर निघाला, मग ब्रेकही गेले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. उत्तमराव दगडासारखे थिजले.

"डोंगराच्या अंगानं घ्या!" धर्मपाल ओरडला. ते हलेनात, तेव्हा त्यानेच आडवं होऊन उजव्या हाताने स्टिअरिंग ओढलं. गाडी डोंगरावर आदळली. काचा फुटल्या. माझा दोर तटकन तुटला आणि मी पुढे भिरकावलो गेलो.

मित्रांनो, मी त्याच उजव्या हातावर पडलो. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. लढाईतही मी इतका वाईट आवाज ऐकला नव्हता.

उत्तमरावांना खरचटलंसुद्धा नाही. धर्मपालची तीन बोटं अमरावतीच्या दवाखान्यात कापावी लागली.

त्याची बायको मैनाबाई गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यात त्याच्या बरोबरीने काम करी. तिने फुटलेल्या गिअरबॉक्समध्ये हात घातला आणि तेलाने लडबडलेला लाकडाचा भुसा मुठीने बाहेर काढला. झिजलेल्या दातांचा आवाज दाबायला दलालाने तो कोंबला होता. उत्तमरावांनी तो पाहिला. ते तडक अकोल्याला गेले आणि त्यांनी दलालाला लोखंडी हँडलने झोडपलं. धर्मपालची माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

मग मला बसवलं. धर्मपाल सांगे आणि मैनाबाई बोल्ट आवळी. पुढच्या वर्षी त्या घाटात मी इंजिनाचा सगळा जोर अंगावर घेतला, बोंबलत घेतला, आणि माझा एक दातही हलला नाही. गाडी पहिली आली.

उत्तमरावांनी बागेत जेवणं घातली. जमलेल्या पाहुण्यांना ते सांगू लागले, "अकोल्यात शंभर गिअरबॉक्स पडले व्हते. म्या नजरेनंच हा पारखला."

धर्मपाल गाडीजवळ मान खाली घालून उभा होता. मैनाबाई त्याला मनगटाला धरून पंगतीत घेऊन आली. तिने तो हात सगळ्यांसमोर उचलून धरला.

"भाऊ, तुमी पारखला ना? मंग हे बोटं कोनाचे गेले?"

उत्तमराव ताडकन उठले. मारायला हात उगारला. मग त्यांची नजर त्या दोनच बोटं उरलेल्या पंजावर गेली, आणि त्यांचा हात तसाच खाली आला.

"मिस्तरीनं," ते अखेर म्हणाले. "मिस्तरीनं पारखला व्हता. म्या नाई आयकलं." एवढं बोलून ते भरल्या ताटावरून निघून गेले.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, घेण्यापूर्वी त्याचं झाकण उघडून आत पाहा. पण एवढं करून थांबू नका. ज्या माणसाला आतलं कळतं, त्याचं वेळीच ऐका. मी आजही मजबूत आहे असं लोक म्हणतात. मी मजबूत होतो म्हणूनच धर्मपालचा हात चिरडला, आणि मला त्याची क्षमा मागता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. तुमचं चुकलं असेल तर आजच जाऊन मागा.